मधला डबा

सोमवार, ३

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा आमच्या मोठ्या बाई म्हणायच्या, बिघाड लिहून ठेवला की निम्मा सुटतो. म्हणून आजपासून लिहायला घेतेय. बिघाड अजून झालेला नाही, पण चिरंजीवांनी घरात नवं यंत्र आणलंय, तेव्हा फार वाट बघावी लागणार नाही.

यंत्र म्हणजे एक काळा डबा. वर दोन शिंगं, पुढे लुकलुकणारे दिवे. पुढच्या खोलीत हे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, दृष्टी नसलेल्या वाचकांच्या वाचनालयासाठी. मागच्या खोलीत चिरंजीव ते रेकॉर्डिंग साफ करतात. खोकला काढायचा, खुर्ची करकरली तर ते काढायचं, अडखळलेलं वाक्य कापायचं. आत्तापर्यंत इकडची प्रकरणं तिकडे मी न्यायची, पेनड्राइव्ह मुठीत धरून. आता ती बोळातल्या या डब्यातून आपली आपण जाणार.

"आई, तुझ्या फेऱ्या वाचतील," तो म्हणाला. मला फेऱ्या जड होतात असं मी कधी म्हटलं होतं?

मुळात फेऱ्या का, तर बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. कारण ऐकलं तर कोणी हसेल. वाक्य सुरू करण्याआधी हे एवढा मोठा श्वास घेतात की पलीकडच्या खोलीत कळतं, आता स्वारी बोलणार. लग्न झाल्यापासून तो श्वास ऐकला की मी हातातलं भांडं खाली ठेवत आलेय. मागच्या पुस्तकात चिरंजीवांनी ते सगळे श्वास एकूण एक कापून टाकले. ह्यांनी ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"माझा श्वास काढलास? मी काय लिफ्टमध्ये बोलणारी बाई आहे?"

"बाबा, ऐकणाऱ्याला त्रास होतो त्याचा."

"ऐकणाऱ्याला नाही, तुला होतो म्हण."

तेव्हापासून पुढचं दार बंद, मागचं दार बंद आणि बोळात मी. याचं त्याला, त्याचं याला. माझं आयुष्यच लाइनी जोडण्यात गेलं, त्यामुळे मला काही वाटत नाही. शिवाय मी जोडते म्हणून निदान तारा तुटलेल्या नाहीत.

बुधवार, ५

डबा चालला! पुढून सोडलेलं प्रकरण मी भाजी चिरेपर्यंत मागे पोचलं. चिरंजीवांनी दोन्ही कॉम्प्युटरांना काहीतरी खास करून ठेवलंय म्हणे. माल मोठमोठ्या गठ्ठ्यांनी जातो, म्हणून झटपट.

पण डब्याला एक खोड आहे. सारखी ह्यांच्या पडद्यावर सूचना टाकतो. अमुक मोठं आहे, तमुक बघून घ्या, आणि प्रत्येक सूचनेला टिंग! आज एका म्हातारीच्या मरणाचा प्रसंग वाचत होते. ती शेवटचं पाणी मागते आणि टिंग. पुन्हा वाचलं, पुन्हा टिंग. ह्यांचा चेहरा बघून मी डबा बसवणाऱ्या गृहस्थांना बोलावून घेतलं.

या गृहस्थांचं नाव मी बंद-चालू ठेवलंय. कुठलाही बिघाड सांगा, आधी चहा, मग "बंद करून चालू करा". त्यांना म्हटलं, "ही किरकिर बंद करा. डब्याने आपलं काम करावं, आम्हाला काही सांगत बसू नये."

"सगळ्याच सूचना बंद करू?"

"सगळ्याच. तोंडच बंद करून टाका त्याचं."

त्यांनी दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या. आता कसं, सगळं शांत.

गुरुवार, ६

ह्यांच्या घशाचं दाखवायला गेलो होतो. स्वरयंत्रावर गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, २८ तारखेला काढू. जिवाला धोका नाही. पण आवाज आधीसारखा राहील की नाही, हे आत्ता सांगता येणार नाही.

परत येताना हे घराच्या कोपऱ्यावर आल्यावर थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "तू सांग त्याला. नीट सांग. सगळं सांग."

चहाच्या वेळी मी मागच्या खोलीत गेले. कानाला हेडफोन लावून एवढासा होऊन बसला होता पोरगा. त्याच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर. म्हटलं, "बाबांचा घसा जरा बसलाय. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय."

"जरा म्हणजे किती?"

"बसलाय म्हणजे बसलाय. चहा घे, निवेल."

बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, सांगितलं त्याला. ते म्हणाले, "काय म्हणाला?" मी म्हटलं, किती बसलाय ते विचारत होता. ह्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. पण दोघांनाही झेपेल तेवढंच द्यावं, हे मी कोणाकडून शिकायला नको.

शनिवार, ८

झाला एकदाचा बिघाड. दोन दिवस दवाखान्याच्या गडबडीत वाचन झालं नव्हतं, आणि आज सकाळपासून प्रकरणं अडून बसलीयेत. ह्यांच्या पडद्यावर एक पट्टी येते, कोपऱ्यात इवलीशी हिरवी होते आणि तिथेच बसते. मागच्या बाजूला फाइलचं नाव तेवढं दिसतं, आत काही नाही. नुसतं ताट मांडलंय, वाढायला कोणी येत नाही.

पेनड्राइव्ह शोधून काढला. माझ्या फेऱ्या पुन्हा सुरू. वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

एका फेरीत चिरंजीवांनी मला थांबवलं. खुर्ची दिली म्हणजे काहीतरी मोठं. म्हणाला, "आई, मला दुसऱ्या गावच्या स्टुडिओने बोलावलंय. कायमची नोकरी. एक तारखेला रुजू व्हायचंय. बाबांना सांग. आणि सांग की त्यांनी थांब म्हटलं तर मी थांबेन."

ही असली गोष्ट घसा दुखणाऱ्या माणसाच्या कानात कशी घालायची? पुढे जाऊन म्हटलं, "तो कामासाठी जरा बाहेरगावी जाईन म्हणतोय."

हे म्हणाले, "जाऊ दे की. चार दिवस हवापालट होईल."

मागे येऊन सांगितलं, "बाबा म्हणाले, जाऊ दे की." ह्यांचे शब्द जसेच्या तसे. ऑपरेटरने याहून चोख काय करावं?

तो "बरं" म्हणाला. जेवायला आलाच नाही, भूक नाही म्हणाला.

मंगळवार, ११

बंद-चालू आले. बंद केलं, चालू केलं. चहा. मग वायर बदलली. मग म्हणाले, भिंत जाड आहे. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात काय पातळ होती? मग त्यांनी उंदरांवर संशय घेतला. शेवटी त्यांनी आपली खास परीक्षा केली. म्हणजे या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरच्या दारावर टिचकी मारायची. पलीकडून लगेच टिचकी परत आली.

"बघा मॅडम, लाइन ठणठणीत."

"टिचकी वाजली म्हणजे बोलणं झालं का?"

त्यांनी दुसरा चहा घेतला आणि डब्याची जागा एक वीतभर उजवीकडे सरकवून गेले. अजिबात फरक नाही.

शनिवार, १५

आज घरात भलताच प्रकार. चिरंजीव तणतणत स्वयंपाकघरात आले.

"बाबांनी मला फाइल पाठवलीय. नाव काय दिलंय माहितेय? बोका."

लहानपणी हे त्याला बोका म्हणायचे. सायीच्या भांड्यात तोंड घालायचा म्हणून.

"मग? लाडानेच म्हटलंय की."

"आणि आत काय आहे? काही नाही! कोरी! त्यांना मला काय सांगायचंय ते कळलं मला. जा म्हणाले, आणि वर ही कोरी फाइल."

मला राग आला ह्यांचा. एवढ्या मोठ्या मुलाला बोका म्हणून कोरी फाइल पाठवायची, हा काय पोरकटपणा? पण भांडण नको म्हणून मी पुढे जाऊन एवढंच विचारलं, "तुम्ही त्याला काही पाठवलंत का?"

त्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. "ऐकलं त्याने?"

"नाव वाचलं म्हणाला."

"काही बोलला?"

"जरा चिडलाय."

ह्यांनी श्वास घेतला. मी उभी राहिले. पण तो तसाच सोडून दिला. मग म्हणाले, "तुझ्या हाती द्यायचं नव्हतं ते. म्हणून सरळ पाठवलं." आणि दुपारभर वाचायला बसले नाहीत.

माझ्या हाती का द्यायचं नव्हतं? इतकी वर्षं लोकांच्या लाइनी माझ्या हातून गेल्या, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. जरा लागलंच मला.

सोमवार, १७

घर स्मशानासारखं. प्रत्येक दारावर मी चहा ठेवते आणि कप उचलून आणते. शेवटची प्रकरणं राहिलीयेत, हे दिवसातून जेमतेम पाच पानं वाचतात आणि थांबतात. आवाज कातरतोय. रोज कॅलेंडरवर २८ तारखेपर्यंतचे दिवस मोजते. त्या आवाजाने मला पहिल्यांदा "अगं" म्हटलं ते आठवतं आणि रडू येतं. हे लिहून ठेवते, कारण ते बिघाडाच्या रकान्यात बसत नसलं तरी मला कुठेतरी सांगायचं आहे.

चिरंजीवांनी बॅग माळ्यावरून काढली. आता ह्यांना काय सांगू? चार दिवसांच्या हवापालटाला केवढी बॅग!

बुधवार, १९

आज मी स्वतःच बिघाड शोधायला बसले. बंद-चालूंच्या भरवशावर राहिले तर माझे चहाचे डबे रिकामे होतील.

ह्यांच्या खुर्चीत बसून मागे एक चिठ्ठी टाइप करून पाठवली: "जेवलास का?" टपकन पोचली. उत्तर आलं: "हो." मग बाजारातून काय आणायचं ते सगळं लिहिलं. तेही पोचलं. मग ह्यांच्या पुस्तकाचं एक पान. अडलं. एका रेकॉर्डिंगची इवलीशी क्लिप कापून पाठवली. अडली. पुन्हा "भाजी कुठली करू?" लगेच पोचलं.

म्हणजे बारीकसारीक सगळं जातं. मोठं काही निघालं की वाटेत नाहीसं.

मला तर एक्स्चेंजची आठवण झाली. "हॅलो, ऐकू येतंय का?" "हो, येतंय." एवढं नीट, आणि पुढे खरं बोलणं सुरू झालं की लाइन मेलेली. असल्या लाइनीला आम्ही ढोंगी लाइन म्हणायचो.

गुरुवार, २०

बंद-चालूंना चहाआधी सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी कप न मागता कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ खालचा ओठ चावत बसले. मग हसायला लागले.

"तुमच्या साहेबजाद्यांनी दोन्ही कॉम्प्युटरांना मोठे गठ्ठे बांधायला सांगितलंय. पण मधल्या डब्याचं दार लहान आहे. एवढा गठ्ठा त्यातून जात नाही."

"मग डबा काय करतो?"

"टाकून देतो."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? टाकूनच देतो. गेला तो."

"अहो, मग ज्याने पाठवला त्याला सांगत नाही का?"

"सांगायचा ना! 'मला झेपत नाही, लहान तुकडे करून दे' म्हणून निरोप द्यायचा, की समोरचा तुकडे करायचा. पहिले दोन-तीन दिवस तसंच चाललं होतं. पण ते निरोप आपण बंद करून टाकलेत. तेव्हापासून पाठवणारा वाट बघतो, घेणाराही वाट बघतो, आणि डबा गप्प."

"कोणी बंद केले?"

त्यांनी आदबीने माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच म्हणालात, तोंडच बंद करा."

मी टिंग बंद करायला सांगितली होती. मुका हो आणि लोकांचा माल गिळ असं सांगितलं नव्हतं. पण मेल्या डब्याची कमालच म्हणायची! दोन्हीकडे दिवे लुकलुकवायचे, टिचकी मारली की ओ द्यायची, आणि कोणाचं जिवाभावाचं काही हाती आलं की परस्पर विल्हेवाट. वर ज्याचं त्याला वाटतंय, समोरच्यालाच पर्वा नाही! असल्या डब्याला घरात ठेवावं तरी कसं? मी बंद-चालूंना स्पष्ट सांगितलं, हा बदला. ते म्हणाले, बदलायला नको मॅडम, डबा वाईट नाही. त्याला फक्त बोलू द्या.

त्यांनी निरोप पुन्हा सुरू केले, फक्त टिंग तेवढी काढली. मग पुढच्या पडद्यावरची अडलेली पट्टी हलली. थोडी, मग भराभर. एकेक प्रकरण मागे जायला लागलं. सगळ्यात शेवटी बोका.

मी बोळातच होते, कप घेऊन. मागच्या दारातून ह्यांचा श्वास ऐकू आला. पुढची खोली तर माझ्या समोर, हे तिथेच बसलेले. म्हणजे तो फाइलमधला, स्पीकरवरचा. लग्नापासूनची सवय, मी कप खाली ठेवला. पुढचं नीट कळलं नाही. "ऑपरेशन" ऐकू आलं, "श्वास" ऐकू आलं, आणि "तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, पण" एवढं आलं. मग मी स्वयंपाकघरात गेले. लाइन जुळली की आपण ऐकायचं नसतं.

थोड्या वेळाने चिरंजीव बाहेर आले. डोळे लाल. माझ्यासमोरून सरळ पुढच्या खोलीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे काही न देता.

"बाबा, थांबू का मी?"

"म्हणजे? तू कुठे चाललायस?"

त्याने नोकरीचं सगळं सांगितलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"आई, ऑपरेशन आहे, आवाज जाऊ शकतो, आणि तू मला सांगितलंस घसा बसलाय?"

"आणि तो कायमचा चाललाय, आणि तू मला सांगितलंस हवापालट?"

"हवापालट तुम्ही म्हणालात," मी म्हटलं. "मी फक्त बाहेरगावी म्हटलं. आणि केवढ्या मोठ्या गोष्टी होत्या त्या! मला झेपेनात, तुम्हाला कशा झेपल्या असत्या?"

चिरंजीव माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, तसं सांगायचंस तरी. आम्ही तुकडे केले असते."

यावर हे हसले. घसा दुखत असताना, पोट धरून. तोही हसला. डोळे पुसत दोघं एकमेकांच्या खांद्यावर. इतक्या दिवसांनी हसले म्हणून मला बरं वाटलं, पण यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. उद्या विचारेन.

रविवार, २३

विचारलं. दोघंही म्हणाले, काही नाही गं. जाऊ दे.

पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं. चिरंजीवांनी नोकरीवाल्यांना फोन केला, दोन महिन्यांनी येतो म्हणून. ते "बघू" म्हणाले. याने "बघा" म्हटलं. अगदी बापावर गेलाय.

आता तोच ह्यांच्या समोर बसून रेकॉर्ड करून घेतो. आवाज थकला की हात वर करतो, पाणी देतो. आज ह्यांनी मुद्दाम विचारलं, "श्वास फार मोठा येतोय का?"

"असू दे बाबा," तो म्हणाला. "येऊ दे."

गुरुवार, २७

पुस्तक संपलं. शेवटचं वाक्य वाचून झाल्यावरही त्याने रेकॉर्डिंग बंद केलं नाही. हे बोलत राहिले, काहीबाही. त्याच्या शाळेचं, सायीच्या भांड्याचं, माझ्या पहिल्या स्वयंपाकाचं. मी दारात बसून ऐकलं. उद्याची भीती वाटते. तिघांनाही वाटते, आणि आज तिघांनी तसं एकमेकांना सांगितलं.

पुढचा महिना, शनिवार, ५

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. पण आणखी काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. त्यानंतर कसा आवाज येईल ते तेव्हा कळेल. हे पाटीवर लिहितात. अक्षर इतकं वाईट की डॉक्टरच वाटतात.

आज दुपारी मी बोळात बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. चिरंजीव मागे हेडफोन गळ्यात घालून कामाला बसलेले. पुढच्या खोलीत ह्यांनी श्वास घेतला. तोच, बोलायच्या आधीचा, सवयीने. आणि मग आठवलं असावं, कारण पुढे काहीच आलं नाही.

मी हातातला टॉवेल टाकून उठले. दारापर्यंत पोचलेही नव्हते, तेवढ्यात मागून चिरंजीव माझ्या बाजूने निघून गेले.

"काय हवंय, बाबा?"

मी परत येऊन बसले आणि टॉवेलची घडी पुन्हा घातली.